लाल चिंधी, हिरवी चिंधी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

जानेवारी लागला की तुळजापूरच्या आमच्या घरात डायऱ्यांचा ढीग पडतो. अण्णा देवीचे पुजारी. त्यामुळे लॉजवाले, प्रसादाचे दुकानदार, गावोगावचे यजमान, जो तो एक डायरी आणून देतो. त्यातलीच ही एक. मुखपृष्ठावरच्या देवीच्या फोटोवर मी ब्राउन पेपरचं कव्हर घातलं. भक्ती नाही असं नाही, पण लहानपणापासून इतके नवस, इतक्या गाठी आणि इतके नारळ बघितलेत की आता सुट्टी हवी आहे. मी इंजिनिअर झाले त्यात निम्मा वाटा या कंटाळ्याचा आहे.

आज बेंबळीच्या माळावरच्या सोलर प्रकल्पाचा ताबा घेतला. २०१३ सालचा, एक मेगावॅटचा. चार हजार पॅनेल, वीस-वीसची एक ओळ, अशा दोनशे ओळी. पहिल्या वर्षी जेवढी वीज मिळायची त्याच्या आता जेमतेम दोनतृतीयांश मिळते. पुण्याच्या ऑफिसनं मला हे सगळं नवं करायला पाठवलंय. जुना इन्व्हर्टर काढून नवे बसवायचे आणि खराब पॅनेल बदलायची. एका ओळीतली वीस पॅनेल एकमेकांना जोडलेली असतात. त्यात एक जरी मरतुकडं निघालं तरी ते बाकीच्यांना मागं ओढतं. म्हणून वाईट ती वेचून काढायची आणि चांगली चांगल्यांबरोबर जोडायची. नवी पॅनेल फक्त आठशे मिळणार आहेत. चार हजारांतली नेमकी आठशे कुठली, एवढाच प्रश्न आहे. मुदत मार्चअखेर.

माझं हे पहिलं स्वतंत्र काम. अनिरुद्ध सर म्हणाले, "मैथिली, हे नीट केलंस तर पुढचे तीन प्रकल्प तुझ्याकडे." नीट न केल्यास काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

इथली माणसं मोजकी. फाटकावर रणधीर, जो वॉचमन, कारकून आणि वार्ताहर तिन्ही आहे. आणि पॅनेल धुणाऱ्या बेंबळीच्या आठ बायका. त्यांच्या मुकादम कमलबाई. पन्नाशीच्या, काटक, बोलणं कमी. पॅनेलला त्या 'प्लेट' म्हणतात. त्यांना माझं आडनाव कळताच त्यांनी विचारलं, "गोपाळकृष्ण मालकांच्या लेक का तुमी?" म्हटलं हो. तर वाकून नमस्कार! मी दोन पावलं मागं सरले. सुट्टी काही मिळत नाही.

बुधवार, ८ जानेवारी

आज सगळ्या ओळी पायी फिरले आणि डोकं तापलं. पॅनेलच्या खालच्या पट्ट्यांना चिंध्या बांधलेल्या! जुन्या लुगड्यांच्या, बोटभर रुंद. बहुतेक लाल, काही हिरव्या. एका ओळीत दोन, पुढच्या ओळीत एकही नाही, मग एकदम पाच. काही उन्हानं विटून पांढऱ्या पडलेल्या, काही नव्या कोऱ्या. म्हणजे हा उद्योग वर्षानुवर्षं चालू आहे.

मला नवस नवा नाही. पण सोलर पॅनेलला नवस? कशासाठी, वीज जास्त पडावी म्हणून?

आणखी एक गंमत. हिरवी चिंधी असलेलं पॅनेल बायका धूतच नाहीत. वायपर फिरवत येतात, हिरवी दिसली की सरळ पुढचं पॅनेल. अशी चाळीसेक पॅनेल धुळीनं पार मातकट झालीत. नवसाच्या पॅनेलला पाणी लावलं की बाटतं बहुतेक.

गुरुवार, ९ जानेवारी

सगळ्या चिंध्या कापायला लावल्या. पोतंभर निघाल्या. रणधीरनं फाटकामागं जाळल्या.

बायका बाजूला उभ्या होत्या. कमलबाई तेवढ्या पुढं आल्या.

"म्याडम, त्येला कारन हाय..."

"कारण मला माहीत आहे, कमलबाई. मी तुळजापूरची आहे."

त्या परत बायकांत जाऊन उभ्या राहिल्या. मग मी आठही जणींना समोर बसवून पंधरा मिनिटं समजावलं. ही यंत्रं आहेत, यांना विज्ञान कळतं, गाठी कळत नाहीत; आणि यापुढं प्रत्येक पॅनेल धुवायचं, एकही सोडायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटतं, चांगलं बोलले.

रविवार, १२ जानेवारी. तुळजापूर

शाकंभरी नवरात्र. उद्या पौर्णिमा. देवळात पूजेची पाळी अण्णांची नाही, तरी घर यजमानांनी भरलेलं. जेवताना मी चिंध्यांचा किस्सा रंगवून सांगितला. आई हसली. अण्णा भाताचा घास हातात धरून थांबले.

"सगळ्या एका जागी होत्या का गं?"

"नाही. इथं एक, चार ओळी सोडून दुसरी. काही ताळमेळच नाही."

"मग तो नवस नव्हे."

"का?"

"नवसाची गाठ माणूस एकटी बांधत नाही. जिथं दुसऱ्याची दिसते तिथंच आपली बांधतो. एका झाडाला शंभर असतील आणि शेजारच्याला एक नसेल. चाळीस वर्षं बघतोय मी. लांब लांब, हेरून बांधलंय म्हणतेस, तर त्यांनी काहीतरी दुसरं बांधलं असणार."

"अण्णा, जाऊ द्या," मी म्हटलं. तेवढ्यात मुरुमचे यजमान आले आणि अण्णा उठले. त्यांच्या डोक्यात सगळं देवळाभोवतीच फिरतं.

सोमवार, २० जानेवारी

आज पुण्याला पहिला अहवाल पाठवला. धुणं बंद करून कोरडी झाडणारी यंत्रं घ्यावीत, अशी शिफारस केली. ओळीवरून आपोआप सरकणारा ब्रश, पाण्याचा थेंब लागत नाही. सध्या आठवड्याला चार टँकर लागतात, आणि उन्हाळ्यात बेंबळीलाच प्यायला टँकर येतो. बारा वर्षं हे पाणी आपण पॅनेलवर ओततोय याची मला खरंच लाज वाटली. शेवटी लिहिलं, 'सबब आठ धुलाई कामगारांचा करार ३१ मार्चनंतर वाढवू नये.'

वाक्य जरा कोरडं झालं, पण अहवाल असाच लिहितात. इथला प्रिंटर बिघडलाय, म्हणून रणधीर प्रत काढायला बेंबळीच्या झेरॉक्सवर गेला. तासभर लावला त्यानं. गप्पा मारत बसला असेल.

पाणी वाचवायला आजपासूनच धुणं थांबवलं. ड्रोनची पाहणी होईपर्यंत बायका गवत काढतील.

बुधवार, २९ जानेवारी

ड्रोन आलं! खाली उष्णता टिपणारा कॅमेरा. बिघडलेलं पॅनेल जास्त तापतं, ते फोटोत पिवळंधमक दिसतं. दोन तासांत सगळा माळ टिपून झाला. बायका गवतातून वर बघत होत्या. मी कमलबाईंना म्हटलं, "आता हे सांगेल कुठलं पॅनेल खराब आहे ते."

"न धुताच?" त्यांनी विचारलं.

त्यांना वाटत असणार की धुतल्याशिवाय फोटो चांगला येत नाही. मी हसून पुढं गेले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ड्रोनचा अहवाल आला. खराब पॅनेल किती? एक हजार सातशे चाळीस.

आठशेत हे बसायचं कसं? दिवसभर हातातलं मीटर घेऊन त्यांच्या यादीतली वीस पॅनेल तपासली. अकरा ठणठणीत निघाली. त्यांच्यावर फक्त पक्ष्यांची घाण आणि धुळीचे थर होते. घाणीखालचा भाग तापतो आणि कॅमेऱ्याला ते खराब वाटतं. म्हणजे पाहणीआधी धुवायला हवं होतं. आणि धुणं मी थांबवलं होतं.

ड्रोनवाल्यांची पुढची तारीख एप्रिलमध्ये. एकेक पॅनेल मीटरनं तपासायचं तर दोन महिने हवेत. माझ्याकडे सात आठवडे आहेत आणि त्यात बसवायचंही आहे. सरांना अजून सांगितलं नाही.

'न धुताच?' हे सारखं कानात येतंय.

सोमवार, १० फेब्रुवारी



सकाळी धुणं पुन्हा सुरू केलं. सिताबाईंचा गुडघा सुजलाय म्हणून त्यांच्या बदली त्यांची सून मोनिका आली होती. पहिलाच दिवस. तेविसाव्या ओळीत तिनं ओल्या हातानं पॅनेलची पट्टी धरली आणि किंचाळून मागं फेकली गेली. मनगट दगडावर आपटलं. मी धावले तेव्हा ती बसली होती, ओठ पांढरे, दात वाजत होते. रणधीरच्या मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. मनगट मुरगळलंय. जीव वाचला, हे डॉक्टर दोनदा म्हणाले.

तिला पाठवल्यावर कमलबाई त्या पॅनेलजवळ उभ्या होत्या.

"तितं हिरवी व्हती," त्या म्हणाल्या.

मला कळेना.

"हिरवी म्हंजी झटका देती, ओला हात लावायचा न्हाय. लाल म्हंजी तापती. बदलीची बाई आली की तिला कुटं म्हाईत असतंय, म्हणून बांधायचो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगत व्हते की म्याडम. तुमी म्हणला, तुमाला म्हाईत हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

अपघात नोंदवहीत लिहिलं, 'पाय घसरून पडल्या.' सरांनी फोनवर तसं थेट सांगितलं नाही, "किरकोळच आहे ना?" एवढंच विचारलं. वाक्य माझंच आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

झोप नाही लागली. सकाळी वहीतलं वाक्य खोडलं आणि खाली खरं लिहिलं. ओळ २३, पॅनेलच्या पट्टीत वीज उतरली होती; धोक्याची खूण होती, ती माझ्या आदेशानं काढली गेली. खाली सही. तेविसावी ओळ बंद केली आणि पुण्याला कळवलं. सर म्हणाले, "खूण? कसली खूण?" चिंधी हा शब्द माझ्या तोंडून निघेना. शेवटी निघाला.

दुपारी मोनिकाला बघायला बेंबळीला गेले. तिच्या हाताला पट्टी, तरी चहा तिनंच केला. सिताबाई पाय लांब करून बसलेल्या. त्यांनी सगळं सांगितलं. सहा-सात वर्षांपूर्वी त्यांना स्वतःला असाच झटका बसला होता. तेव्हाच्या साहेबांनी 'बघू' म्हटलं. वाट बघून बघून कमलबाईंनी तोड काढली. लाल कमलबाईंच्या लुगड्याची, हिरवी सिताबाईंच्या.

"आमाला नंबर वाचता येत न्हाईत म्हणून न्हवं," सिताबाई म्हणाल्या. "वाचता येत्यात. पर धुताना नंबर कोन बघतंय? रंग दिसतोय."

निघताना मी मोनिकाची माफी मागितली. ती संकोचली, सासूकडे बघायला लागली. सिताबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमी आलात की घरला."

अण्णांना फोन केला. म्हटलं, तुमचं बरोबर होतं, नवस नव्हता. त्यांनी 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. "ती पोर बरी आहे का?" एवढंच विचारलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कमलबाईंना विचारलं, चिंध्या पुन्हा बांधता येतील का? कुठं कुठं होत्या ते आठवतंय?

"आठवाया कशाला लागतंय? प्लेटा हाईतच की तितं."

मग त्यांनी दाखवलं. सकाळी ऊन चढल्यावर ओळ धुवायची आणि मागं फिरून बघायचं. चांगल्या पॅनेलवरचं पाणी सगळीकडून सारखं वाळतं. तापणाऱ्या पॅनेलवर वीतभर एक चौकोन आधी कोरडा होतो आणि भोवती पाणी तसंच असतं. मी चार वर्षं कॉलेजात शिकले, दोन वर्षं नोकरी केली, पण पॅनेल वाळताना थांबून कधी बघितलं नव्हतं.

हिरव्यांसाठी मात्र मी अट घातली. त्या चाळीसेक जागा बायकांनी फक्त लांबून दाखवायच्या, जोडणी सोडवून मीटरनं मी तपासणार. "तुमाला झटका बसंल," कमलबाई म्हणाल्या. रबराचे हातमोजे दाखवले तेव्हा त्यांनी ते उलटेपालटे करून बघितले. "हे हितं हायेत व्हय? बारा वर्सांत दिसलं न्हाईत," म्हणाल्या. कपाटातल्या बाकीच्या जोड्याही काढून सगळ्यांना वाटल्या.

चिंध्यांसाठी कापड हवं होतं. आमच्या घरी देवीला आलेल्या साड्यांचं कपाट भरलेलं आहे, उद्या घेऊन येते म्हटलं. सगळ्या जणी एकदम ओरडल्या.

"देवीचं लुगडं फाडायचं? मालक काय म्हणतील! आमची जुनी हाईत की."

एवढा नवस-गाठींचा कंटाळा करून शेवटी देवीची साडी फाडायला मीच निघाले होते आणि अडवलं त्यांनी.

सोमवार, २४ फेब्रुवारी

ओळ १२६ पर्यंत आलो. कमलबाई पुढं, मी वही घेऊन मागं. संध्याकाळी त्यांनी दाखवलेल्यांतली काही मीटरनं पडताळते. आतापर्यंत शंभर पडताळली, चार चुकली. चुकलेली चारही शेजारच्या बाभळीच्या सावलीतली. सांगितलं तर कमलबाईंना ते लागलं. आज त्या बाभळीखालची ओळ त्यांनी तीनदा बघितली.

आता त्या मला 'ताई' म्हणतात. कधीपासून ते लक्षात आलं नाही. ड्रोनच्या यादीचा कागद मी मीटरखाली ठेवते, मीटर मळू नये म्हणून.

तो २० जानेवारीचा अहवाल रोज आठवतो. आणि रोज वाटतं, उद्या सांगू.

सोमवार, ३ मार्च

यादी पूर्ण. लाल सातशे अठरा, हिरवी सेहेचाळीस. आठशेत बसली! माळभर लाल-हिरवं फडफडतंय. मोनिकानं पोहे करून आणले होते. सगळ्या हसत होत्या. मी बशी न खाताच खाली ठेवली. कमलबाईंना बाजूला घेतलं.

"कमलबाई, मार्च संपल्यावर... म्हणजे मी एक अहवाल..."

"एकतीस तारीक. म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"संक्रांत झाली त्याच्या फुडल्या आठवड्यात. रणधीरनं झेरॉक्सवर सगळ्यांला वाचून दाखवलं."

म्हणजे ड्रोनच्या आधीपासून. मोनिकाच्या अपघाताच्या आधीपासून. पंधरा दिवस त्या माझ्या पुढं चालत होत्या आणि त्यांना माहीत होतं.

"मग तरी तुम्ही हे सगळं का केलंत?"

जणू प्रश्नच चुकला होता, असं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मंग काय करावं? चांगल्या प्लेटला लाल बांधावी? बारा वर्सं हात फिरवलाय त्यांच्यावर. राग तुमचा आला व्हता, लई आला व्हता. पर खोटी चिंदी कशी बांधायची?" मग म्हणाल्या, "आन् पान्याचं तुमी लिवलं ते खरं हाय. टँकर हिकडं येतो तवा आमच्या गल्लीत बाया घागरी घिऊन बघत ऱ्हात्यात. त्यात माझी सून बी असती."

मी तिथंच रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग पोहे गार होतायत म्हणाल्या.

बुधवार, ५ मार्च

सरांना दुसरं पत्र लिहिलं. यंत्रं घ्यावीत, पाण्याबद्दलचं माझं मत तेच आहे. पण यंत्र ब्रश फिरवतं, बघत नाही. बायकांना धुण्यासाठी नव्हे, तपासणीसाठी ठेवावं. आठही जणींना. २० जानेवारीच्या अहवालातलं शेवटचं वाक्य मी मागं घेते.

गुरुवार, १३ मार्च

उत्तर आलं. 'तपासणीसाठी प्रमाणित उपकरणं उपलब्ध आहेत. निर्णयात बदल नाही.' पत्र कमलबाईंना वाचून दाखवलं. या वेळी रणधीरच्या आधी मी.

"बरं," त्या म्हणाल्या आणि नवी पॅनेल उतरवणाऱ्या मजुरांना ओरडायला गेल्या, कारण ते ती उलटी ठेवत होते.

शनिवार, २२ मार्च

आज नवे इन्व्हर्टर सुरू झाले. सर पुण्याहून आले होते. दुपारी बारापर्यंत विजेचा आकडा असा चढला की सरांनी पडद्याचा फोटो काढला. पहिल्या वर्षाच्या जवळ पोचलो आहोत, आणि यातली तीन हजारांहून जास्त पॅनेल जुनीच! मला उड्या माराव्याशा वाटत होत्या, मारल्या नाहीत.

मग सर ओळी बघायला निघाले. नव्या पॅनेलच्या भागात पोचलो तर अठ्ठेचाळिसाव्या ओळीत एका पॅनेलला लाल चिंधी.

"ही जुनी राहून गेली का?" सरांनी विचारलं.

कमलबाई मागून येत होत्या. "न्हाय साहेब. परवा धूळ धुतली तवा बांधली. ही बी तापती."

"अहो, हे कोरं आहे. महिनासुद्धा झाला नाही कारखान्यातून निघून."

"व्हय. पर तापती."

सर हसले आणि पॅनेलच्या मधोमध तळहात ठेवला. म्हणाले, सगळीच तापतात उन्हात. "जरा डावीकडं," कमलबाई म्हणाल्या. त्यांनी हात डावीकडे सरकवला आणि "आई गं!" करून झटकला. रणधीर तोंड फिरवून खोकत राहिला.

मीटर लावलं. खराब. त्याच खोक्यातली बाकीची तपासली, आणखी सहा निघाली. आत्ता सापडली म्हणून कारखाना बदलून देईल. पाच वर्षांनी सापडली असती तर आम्हीच पुन्हा मागं ओढले गेलो असतो. सर हात पाण्यात धरून बसले होते. गाडीत बसताना म्हणाले, "तुझं ते पत्र पुन्हा पाठव."

शुक्रवार, २८ मार्च

मंजूर! तपासणीस म्हणून एक वर्ष. पण आठ नव्हे, पाच.

मी फोनवर भांडले, खरंच आवाज चढवला. सर म्हणाले, यापुढं त्यांच्याही हातात नाही. पाच नावं सोमवारपर्यंत हवीत. तीन बायकांना नाही कसं सांगायचं, याचा दुपारभर विचार करून गेले. पुढचं कमलबाईंनी मला बोलूच दिलं नाही.

"कागदावर पाच, माळावर आठ. पाळी लावू की! रोज पाचजणी, तिघींना सुट्टी. तुमच्या देवळात न्हाय का, पुजाऱ्यांची पाळी असती?"

मी ज्या घरात वाढले तिथं आयुष्यभर पाळीवर जेवण, पाळीवर प्रवास, पाळीवर लग्नाच्या तारखा ठरल्या. आणि मला हे सुचलं नव्हतं. ऑफिसला ही पाळी लेखी कळवायची असं मी ठरवलं. लपवून काही करायचं नाही.

मग त्यांनी पाच नावं सांगितली. मोनिकाचं पहिलं. गुडघ्यामुळं सिताबाईंनी आपलं काम तिलाच सोपवलं होतं. मी लिहीत गेले. पाचवं लिहून झालं तेव्हा ध्यानात आलं.

"तुमचं नाव?"

"माझं कशाला? ज्यांची लेकरं लहान हायत त्यांचं असू द्या. मी पाळीवर येतेच की."

"पण ओळखपत्र, विमा, सगळं नावावरच मिळणार."

"म्हणूनच तर म्हणते," त्या म्हणाल्या.

सोमवार, ३१ मार्च

शेवटचा अहवाल पाठवायचा दिवस. शेवटच्या पानावर एक रकाना असतो, 'तपासणी कोणी केली'. तिथं संगणक आपोआप माझं नाव टाकतो. आज ते मी पुसलं. कमलबाई एवढं लिहिलं आणि थांबले. तीन महिने रोज हाक मारत होते, पण पूर्ण नाव मला माहीत नव्हतं.

पन्नासाव्या ओळीत होत्या. आज त्यांच्या कराराचा शेवटचा दिवस, तरी रोजच्यासारख्या आल्या होत्या. नाव विचारलं.

"कशाला?" त्यांना शंका आली. "यादीत घालू नका बरं का, मोनिकाचं जाईल."

"यादीत नाही. ही सातशे अठरा पॅनेल कुणी शोधली, ते लिहायचंय."

त्या वायपर टेकवून उभ्या राहिल्या. पदरानं हात पुसले, जणू लिहायचं त्यांनाच आहे.

"कमल ज्ञानोबा सोनटक्के," त्या म्हणाल्या. मग मी लिहीपर्यंत थांबल्या आणि वाकून वहीत बघितलं. "सोनटक्केतला 'ट' अर्धा न्हाय, 'क' अर्धा हाय. नीट ल्ह्या. तुमाला म्हाईत हाय म्हणून तसंच पाठवाल."

नीट लिहिलं. दोनदा वाचून दाखवलं आणि मगच पाठवलं.